रात्रभर आंबा घेऊन वाशीला जाणाऱ्या आमच्या मामांसाठी

कलमवाली

हंगाम आवरत आलाय. कलमांवर शेंड्याचे थोडे आंबे राहिलेत, ते आता कॅनिंगलाच जातील. आज दुपारी पट्ट्या, म्हणजे दलालाकडून आलेले विक्रीच्या हिशेबाचे कागद, लावत बसले होते. या घरात दलालाचं नाव दिवसातून दहा वेळा निघतं, फवारणीच्या दुकानदाराचं निघतं, हवामान खात्याला तर रोजच्या शिव्या. पण संध्याकाळी आमच्या पेट्या उचलून सकाळी वाशीच्या फळबाजारात नेऊन उभ्या करणाऱ्या माणसाचं नाव कधी निघतं? गाडीला उशीर झाला तर. एरवी नाही. म्हणून हा धागा.

आम्ही देवगड तालुक्यातले, बाग लहान. आमच्या भागातल्या पेट्या एका आयशर ट्रकमधून जातात, तिच्यावरच्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणतात. "माझा नाव बिव टाकू नको," असं त्यांनी बजावलंय, तेव्हा इथेही मामाच. वय पन्नाशीच्या पुढे. क्लीनर म्हणून गाडीवर चढले, तिथेच मिसरूड फुटलं.

संध्याकाळी जामसंड्यापासून गाडी भरायला सुरुवात होते. तळेबाजार, शिरगाव करत, वाटेत जिथे जिथे पेट्या रस्त्याकडेला लावलेल्या असतील तिथे थांबत नांदगावला हायवे गाठायचा. मग तळेरे, खारेपाटण, राजापूर, लांजा, हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, खेड, महाड, माणगाव, वडखळ, पेण, पनवेल. साधारण साडेचारशे किलोमीटर. उजाडता उजाडता गाळ्यासमोर.

आता जे मला खरं सांगायचंय ते. मामांना गाडी भरताना कधी बघितलंत तर कळेल. आंबा झाडावरून काढला तरी जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब धरतो. पेट्या एकमेकींना चिकटवून ठोकून भरल्या तर मधल्या थरातला माल रात्रभरात उकडतो आणि गाळ्यावर पेटी फोडली की वरचा आंबा कच्चा, खालचा मऊ. मामा दोन रांगांच्या मध्ये पंजा आडवा घालून बघतात. पंजा गेला नाही तर हमालाला रांग सरकवायला लावतात. "आंब्याक वारो व्हयो," एवढंच बोलणं. ताडपत्री पुढच्या बाजूने दुमडून ठेवायची, म्हणजे गाडी चालली की वारा आत शिरतो आणि मागून निघतो. एप्रिलअखेरीला वळवाची सर आली तर उतरायचं, ताडपत्री सोडायची, दोर आवळायचे, सर गेली की परत दुमडायची. रात्रीत हे दोन-तीनदा होऊ शकतं, आणि ते बघायला तिथे कोणी नसतं.

यंदा एका मोठ्या बागायतदाराने आयत्या वेळी जादा पेट्या आणून उभ्या केल्या, वरती अजून एक थर टाका म्हणाले. मामांनी सरळ नकार दिला. "ह्यो थर नको. खालचो आंबो रडतलो." तो खालचा आंबा आमचा होता.

तर प्रश्न असा आहे की हंगाम संपताना अशा माणसाला द्यावं तरी काय? सासूबाई म्हणतात शर्टपीस आणि नारळ. नवरा म्हणतो पाकीट. धाकट्या दिराने तर आंब्याची पेटी सुचवली. अहो, चार महिने पेट्यांतच झोपतोय तो माणूस!

तुमच्याकडे काय करतात? आणि असे कोणी तुमच्या ओळखीत असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा.

सुरंगीची_वेणी

किती छान धागा! पंजा घालून बघण्याचं वाचून मजा वाटली. आमच्याकडे ठाण्यात आंबा येतो तो थेट फ्लॅटच्या दारात, त्याच्यामागे ही रात्र असते हे डोक्यातच येत नाही. आंब्याच्या पेटीचा सल्ला देणाऱ्या दिरांना माझा नमस्कार सांगा.

गाळ्यावरचा

आमचा वाशीला गाळा आहे, तेव्हा दुसऱ्या टोकाचं मी लिहितो.

गाडी कधी लागली यावर दराचं बरंच काही ठरतं. पहाटे खरेदीदार फिरायला लागतात, चांगला माल आधी उचलला जातो. रुमालाखाली बोटं धरून भाव करायची जुनी रीत अजून काही जण पाळतात, ते सगळं सकाळच्या पहिल्या जोरातच होतं. त्यात सापडलेली पेटी आणि उन्हं वर आल्यावर लागलेली पेटी, आंबा एकाच कलमाचा असला तरी पट्टीवर दोन वेगळे आकडे दिसतात. बागायतदार आम्हाला फोन करून विचारतो, आज पडला का हो बाजार? बाजार पडलेला नसतो, त्याची गाडी पेणजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते.

बरं, गाडी लागली म्हणजे ड्रायव्हर सुटला असंही नाही. हंगामात एप्रिल-मेला गाड्यांची रांग लागते. उतराई माथाडी करतात. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांचं काम बांधून दिलंय, त्यांच्या बोर्डात नोंद होते, मजुरी बोर्डामार्फत, भविष्य निर्वाह निधी आहे. फार भांडून मिळवलंय त्यांनी ते. पण ज्या गाडीतून ती पेटी उतरते तिचा ड्रायव्हर कुठल्याच बोर्डात नाही. तो केबिनमध्ये पाय दुमडून पडलेला असतो आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी दारावर थाप मारतं: गाडी पुढे घे, गाडी मागे घे. याला झोप म्हणतात.

मामांना मी बहुतेक ओळखतो. रिकाम्या पेट्या मोजून घेतल्याशिवाय न हलणारे, तेच ना?

कलमवाली

@गाळ्यावरचा, तेच! रिकामी पेटी कमी आली तर "माका काय तुमच्या दलालान पेटी खाल्लली सांगूचा हा?" असं विचारतात.

द्राक्षवेल_निफाड

आंब्याचं कौतुक चाललंय तर पालेभाजीचंही थोडं ऐका. आंबा निदान रात्रभर तरी थांबतो, मेथी-कोथिंबीर थांबत नाही. आमच्याकडून संध्याकाळी पिकअप भरतात. खाली ओलं बारदान, जुड्या उभ्या, वरून परत ओलं बारदान. इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडीचा बायपास, वाशी. भाजीचा बाजार फळबाजारापेक्षा लवकर, मध्यरात्रीनंतरच उजाडतो तिकडे. म्हणजे घाट उतरायचा तोही झोप सगळ्यात जास्त येते त्या वेळी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा चुकवता येतो, पण टोल कोणी भरायचा यावर शेतकरी आणि गाडीवाला यांची रोज तोंडं वाकडी.

आमचा गाडीवाला पंचविशीतला आहे, मामांसारखा अनुभव नाही. पण बारदान वाटेत सुकलं तर कसाऱ्याच्या आधी थांबून कॅनमधलं पाणी मारतो. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. यालाच मी कसब म्हणतो.

चिपळूणकर_कारवाला

विरजण घालतोय, माफ करा.

रात्री मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवून बघा, मग हे कौतुक लिहा. समोरून फुल लाइट मारत येणारे हेच. वळणावर ओव्हरटेक करणारे हेच. सीझनमध्ये आंब्याच्या गाड्या कशा धावतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मागच्या वर्षी संगमेश्वरच्या अलीकडे मला एका ट्रकने अक्षरशः गटारात उतरवलं. आंबा वेळेवर पोचला असेल तुमचा, माझ्या बायकोचे हात दोन दिवस थरथरत होते. सगळे ड्रायव्हर मामा नसतात.

सुरंगीची_वेणी

@चिपळूणकर_कारवाला, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण धागा एका चांगल्या माणसाबद्दल आहे.

चिपळूणकर_कारवाला

चांगल्या माणसाबद्दल आहे म्हणूनच विचारतोय. वेळेवर पोचतो याचं कौतुक करायचं, आणि वेळेवर पोचण्यासाठी काय काय होतं ते बघायचं नाही?

अपरडिपर

माझे वडील याच रस्त्यावर ट्रक चालवायचे, मी स्वतः काही वर्षं चालवला, आता सोडला. म्हणून कारवाल्यांना उत्तर देतो. तुमचा राग बरोबर आहे, फक्त तो अर्ध्या वाटेत थांबलाय.

गाडी वळणावर का पळते? कारण ती सुटायला उशीर झालेला असतो. का झाला? सहाला तयार ठेवतो म्हणालेल्या पेट्या आठपर्यंत ठोकतच असतात. एक जण उशीर करतो, मग पुढच्या वाडीतला म्हणतो मग माझ्याही अजून दहा होतील, थांब. नांदगावला हायवेला लागेपर्यंत दीड-दोन तास गेले. वाशीची वेळ मात्र तीच. ते दोन तास कुठून काढायचे? जेवणातून, झोपेतून आणि संगमेश्वरच्या वळणातून.

कायद्यात सगळं आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्येच कायदा झाला, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तास सलग झाले की विश्रांती. साडेचारशे किलोमीटर, भरलेली गाडी, आपला रस्ता: आठ तासांत बसवून दाखवा. म्हणजे दोन ड्रायव्हर लागतात. दुसऱ्याचा पगार भाड्यात चढतो आणि पेटीमागे भाडं वाढलं की पहिला फोन बागायतदाराचाच येतो. फेरीवर पैसे मिळतात, तासावर नाही. फेरी लवकर संपवली तर पुढची मिळते.

आणि फुल लाइटबद्दल. मामांच्या वयाचे ड्रायव्हर डिपर देतात, म्हणजे समोरून गाडी आली की लाइट खाली करतात, हे मी पैजेवर सांगतो. नवीन पोरं देत नाहीत, ती शिकलीच नाहीत कोणाच्या हाताखाली. पूर्वी क्लीनर म्हणून चार-पाच वर्षं बाजूला बसायचं, टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर वाजवून हवा ओळखायची, घाटात कुठल्या गिअरला उतरायचं ते बघत राहायचं, मग स्टेअरिंग. आता क्लीनरच परवडत नाही. पोरगं लायसन काढतं आणि एकटंच रात्रीत निघतं.

चिपळूणकर_कारवाला

उशिरा सुटण्याचं मला माहीत नव्हतं. पण गटाराचं बिल अजून माझ्याच नावावर आहे 🙂

घाटवाट

रस्त्याचाही वाटा धरा की. या हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 ला सुरू झालं. आम्ही त्या वर्षी जन्मलेल्या पुतण्याला दहावीचे क्लास लावले. कशेडीला बोगदा झाला, घाट सुटला, हे कबूल. पण चांगल्या काँक्रिटवरून सुसाट येऊन अचानक मातीच्या वळणावर जाणं हे रात्री किती वाईट असतं, ते भरल्या गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. कारला धक्का बसतो, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटतो.

आणि पावसाळ्यात हेच लोक मासळी, किराणा, भाजी घेऊन याच रस्त्यावर असतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला, दोन एसटी गेल्या, माणसं गेली. नवा पूल पुढच्या जूनमध्येच उभा राहिला, ते कौतुकाचंच. पण त्या रात्रीनंतर ओळखीचे किती तरी ड्रायव्हर पुराच्या पाण्यात पुलाच्या अलीकडे गाडी लावून उजाडायची वाट बघायला लागले. उशीर झाला म्हणून गाळ्यावरून ओरडा खाल्ला, तरीही.

गाळ्यावरचा

@घाटवाट, ओरडणारे आहेत आमच्यात, नाकारत नाही. पुराच्या रात्री ओरडणारा मी तरी नाही.

कुवळ्याची_लेक

2020 चं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हंगामाच्या तोंडावरच लॉकडाउन. झाडाला आंबा लागलेला, माणसं घरात. पास काढून जे ड्रायव्हर निघाले त्यांना वाटेत चहाची टपरी उघडी नाही, पंक्चरवाला नाही, आंघोळीला पाणी नाही. परत आल्यावर गावात घेत नव्हते, शाळेच्या पडवीत झोपायला लावलं एकाला, बायको लांबून डबा ठेवून जायची. मे महिन्यात वाशीचा बाजारच आठवडाभर बंद होता. तेव्हा सोसायट्यांमध्ये थेट पेट्या द्यायला जी सुरुवात झाली, त्या गेटपर्यंत गाड्या यांनीच नेल्या. वॉचमन गेटच्या बाहेरच थांबवायचे. थाळ्या वाजवल्या तेव्हा यांच्या नावाने कोणी वाजवल्याचं मला आठवत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून वाचतोय. इकडे हापूस येतो तेव्हा डॉलरमधला दर बघून डोळे पांढरे होतात आणि तरीही घेतो. 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला परत दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे कीड जाऊ नये म्हणून आंब्यावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. सुरुवातीला लासलगावच्या केंद्रात व्हायचं, आता वाशीलाही सोय आहे. म्हणजे माझा आंबाही आधी कोणातरी मामांच्या गाडीतून रात्रभर वारा खात आलेला असणार. विमानाच्या भाड्याबद्दल इथल्या देशी दुकानात रोज चर्चा असते, ट्रकबद्दल आज पहिल्यांदा वाचलं.

कलमवाली, भेटवस्तूबद्दल: चांगला थर्मास आणि कमरेला आधार देणारी गादी. माझा भाऊ लांबच्या गाड्या चालवतो, त्याला याचाच उपयोग झाला.

सुरंगीची_वेणी

केबिनला एसी सक्तीचा झाला ना आता? वाचलं होतं कुठेतरी.

अपरडिपर

झाला, पण नव्या गाड्यांना. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणारे साडेतीन टनांवरचे ट्रक. मामांची आयशर ज्या वर्षीची असेल त्या वर्षीच्याच उकाड्यात चालणार. इंजिन केबिनच्या पोटातच असतं, मे महिन्यात पायाखालचा पत्रा चपलेतून भाजतो.

विषय निघालाच आहे तर अजून एक. 1 जानेवारी 2024 ला ट्रकवाल्यांनी स्टेअरिंग सोडलं होतं, आठवतंय? सगळ्यांना पेट्रोल पंपावरच्या रांगा आठवतात. कारण होतं नव्या न्याय संहितेतलं 106 चं दुसरं उपकलम, अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. कारवाले म्हणतील बरोबरच आहे, पळायचं कशाला? पळतो कारण रात्री दोन वाजता थांबला तर चूक कोणाची हे विचारायच्या आधी जमाव मोठ्या गाडीवाल्याला धरतो. माझ्या वडिलांनी एकदा थांबून जखमीला गाडीत घातलं होतं. माणूस वाचला, वडिलांच्या डाव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं ते तेव्हापासून. पुढे 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं, पण भीती गेली नाही.

बरं, भेटवस्तू. थर्मास द्या, पाकीट द्या, काहीही द्या, पण मामांना विचाराल तर ते एकच मागतील: पेट्या वेळेवर. सहा म्हणजे सहा. आणि रात्री दोनला "खय पोचलास?" म्हणून फोन करू नका. पंचवीस बागायतदारांचे पंचवीस फोन येतात, प्रत्येक फोनला एक हात सुटतो.

कलमवाली

@अपरडिपर, आमच्या पेट्या साडेपाचला रस्त्याला लागलेल्या असतात, मामा साक्ष देतील. अडचण पुढच्या वाडीत आहे आणि तिथे माझं सासर-माहेर दोन्हीकडचं नातं आहे, त्यामुळे बोलणार कोण हा प्रश्न. पण फोनचं खरंय. आमच्या सासऱ्यांना रात्री झोप येत नाही, ते बसल्या बसल्या गाडीचा माग काढतात. हातखंब्याला पोचली, आता चिपळूण आलं असेल, लाव फोन.

काल मामा रिकाम्या पेट्या सोडायला आले तेव्हा हा धागा वाचून दाखवला. कारवाल्यांचं पोस्ट आलं तेव्हा म्हणाले, "खरा बोलता तो." अपरडिपरांचं वाचलं तेव्हा काही बोलले नाहीत, चहा घेतला. मग विचारलं, "ह्येचो बापूस खयच्या गाडयेर होतो?" सांगाल का?

अपरडिपर

लांज्याच्या एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूक करणाऱ्याच्या, गाडीवर. बेडफोर्ड होती, मग टाटा. मामा तेव्हा क्लीनर असतील तर हातखंब्याच्या चहावर नक्की भेटले असणार. बाकी व्यक्तिगत निरोपात लिहितो.

द्राक्षवेल_निफाड

पुढच्या वाडीचा उपाय सांगू? आमच्याकडे गाडीवाल्याने वेळ ठरवली. सात वाजता गाडी हलणार, राहिलेला माल दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी दोघांचा माल राहिला, मोठी भांडणं झाली. तिसऱ्या दिवसापासून सगळे साडेसहाला हजर. फक्त हे गाडीवाल्याने एकट्याने म्हणून चालत नाही, चार शेतकऱ्यांनी त्याच्या बाजूने उभं राहावं लागतं. नाहीतर दुसरा गाडीवाला उभाच असतो, मी थांबतो म्हणत.

कुवळ्याची_लेक

हे पटलं. आमच्या बाजूच्या तीन घरांचं मी बोलते. कलमवाली, तुमच्या पुढच्या वाडीत माझी आत्तेबहीण दिलेली आहे, तिला सांगते. तुम्ही वाईट व्हायला नको.

चिपळूणकर_कारवाला

सात वाजता सुटलेली गाडी मला कुठल्या वेळी कुठे भेटेल ते कोणी सांगितलं तर मी माझं निघणं त्याप्रमाणे ठरवीन. चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

अपरडिपर

चिपळूणला साधारण मध्यरात्रीच्या आसपास. तुम्ही दहाच्या आत घरी पोचा, दोघांचं भलं.

संपादक

पेटीमागच्या भाड्याचे आकडे टाकणारे तीन प्रतिसाद वाहतूक दराच्या धाग्यावर हलवले आहेत. इथे कोणाच्याही गाडीचा नंबर किंवा फोन नंबर टाकू नये.

कलमवाली

बरोबर केलंत, दोघांनी मामांचा नंबर मागितलाच होता. तो मी कोणालाही देणार नाही, गाडी पुरेशी भरते.

तर ठरलं ते असं: पुढच्या हंगामात आम्ही चार घरं सातच्या नियमाला उभी राहतो, आत्तेबहिणीचं धरून पाच. सासऱ्यांना रात्री नवरा गाडीचा लाइव्ह लोकेशनचा नकाशा लावून देणार, म्हणजे फोन बंद. मामांच्या मालकाने त्याला हो म्हटलंय. थर्मास मागवला आहे. शर्टपीस आणि नारळ सासूबाई देणारच, त्यांना कोण अडवणार.

सुरंगीची_वेणी

आणि दिरांची पेटी?

कलमवाली

मामांनी स्वतःहून मागितली, लेकीच्या सासरी द्यायला. वरच्या थरातली हवी म्हणाले.